जबड्याचं सबस्क्रिप्शन

‘जॉ स्लिमिंग’ हे नावच फसवं आहे. या इंजेक्शनानं हाड बारीक होत नाही, चरबी वितळत नाही. दात आवळल्यावर गालाच्या मागच्या कोपऱ्यात बोटाला जे टणक लागतं, तो मॅसेटर, म्हणजे चावण्याचा स्नायू. त्यात बोट्युलिनम टॉक्सिन टोचतात. नसेकडून येणारा ॲसिटिलकोलीनचा निरोप अडतो, स्नायू बेकार होतो आणि काही आठवड्यांत सुकतो. प्लास्टर काढल्यावर हात बारीक दिसतो, तसाच हा प्रकार. हात बारीक झाला म्हणून कोणी पेढे वाटत नाही.

काही महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागते, स्नायू भरतो. मग परत टोचा. मी सॉफ्टवेअर लिहिते. हे मॉडेल चांगलं ओळखते. एकदा विकून संपणारी वस्तू आता कोणालाच विकायची नसते. इथे नूतनीकरण जबड्याचं, एवढाच फरक.

मुळात ही ‘उणीव’ आली कुठून? चेहरा ओळखण्याच्या एका जुन्या, भरपूर वापरल्या गेलेल्या पद्धतीत चेहऱ्यावर ६८ बिंदू धरतात. त्यांतले १७ जबड्याच्या कडेचे. ते आत सरकवले, मधलं चित्र ताणलं, की ‘स्लिम फेस’ तयार. कॉलेजातला विद्यार्थी एका संध्याकाळी लिहील असा कोड. त्यातल्या जबड्याला भाकरी चावायची नसते, आणि आवडलं नाही तर अन-डू असतं.

खऱ्या जबड्याचं तसं नाही. चावताना दमणं, वाकडं हसू, एका बाजूला फुगवटा, सैल पडलेली कातडी हे ज्ञात दुष्परिणाम आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जबड्याच्या हाडाची घनता घटलेली दिसली आहे. माणसांबाबत अजून एकमत नाही. अमेरिकेत एफडीएनं २००२ साली बोटॉक्सला भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता दिली. जबडा बारीक करण्याचा धंदा तिथे वर्षानुवर्षं मान्यतेच्या यादीबाहेरच वाढला. ते बेकायदा नाही. पण समोर बसलेल्या माणसाला हे सांगायला नको?

मला नाही सांगितलं. मी मुरमांसाठी गेले होते. डॉक्टरांनी न विचारता माझ्या हनुवटीखाली बोट धरलं आणि म्हणाले, “लग्नाआधी हेही करून टाका.” हा रुंद जबडा माझ्या आजीचा, मग वडिलांचा. तीन पिढ्यांत कोणाला तो आजार वाटला नव्हता.

“माझा चेहरा, माझी मर्जी.” अगदी मान्य. झोपेत दात खाणारे, दुखण्यानं हैराण झालेले लोक हे इंजेक्शन घेतात, त्यांच्याशीही माझं भांडण नाही. पण सगळ्यांची ‘मर्जी’ सोलहून आलेल्या त्याच व्ही आकारावर येऊन थांबत असेल, तर ती कोणाची मर्जी, हे विचारायला हवं.

तोवर क्लिनिकांनी फलकावर खरं नाव लिहावं: ‘येथे चावण्याचा स्नायू सुकवून मिळेल, दर सहा महिन्यांनी पुन्हा यावे.’ मग ज्यांना हवं त्यांनी खुशाल रांग लावावी.