जळालेल्या नाट्यगृहाची पुनर्बांधणी

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने 1915 साली कोल्हापुरात सिद्ध झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येसच, अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. आता दर्शनी भिंत पूर्ववत झाली म्हणजे रंगभूमी परतली, असे मानण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपकाविना नटाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा अशा काळात जन्मलेल्या या वास्तूत छताचा उतार, लाकडाची योजना आणि आसनांची दाटी यांचा निर्णय केवळ कंत्राटदाराच्या मर्जीवर न सोडता ध्वनिशास्त्रज्ञ व रंगकर्मी यांच्या सल्ल्यानेच व्हावा. महापालिकेने बांधकामासोबत देखभालीची व अग्निसुरक्षा-तपासणीची कायम तरतूदही दफ्तरी नोंदवावी.