आई, तू बस गं!

मागच्या रविवारी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढली होती आणि मित्राची आई पाण्याचा जग आणायला उठली. लगेच मित्र, त्याची बायको आणि मी, तिघेही एका सुरात ओरडलो, "काकू, तुम्ही बसा हो!" काकू बिचाऱ्या गुडघ्यावर हात टेकत परत बसल्या. येताना गाडीत मला स्वतःचाच राग आला. कारण हे वाक्य किती महागात पडतं ते मला चांगलं माहीत आहे. अडीच वर्षं मी हेच वाक्य माझ्या आईला रोज ऐकवत होतो.

तर झालं असं. आमचं जुनं घर शनिवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई रोज सकाळी जोगेश्वरीला जायची, एक दिवसाआड मंडईत. येताना दोन्ही हातांत पिशव्या आणि समोर तीन जिने. गुडघे तेव्हाही कुरकुरायचे, पण ती "चालायचंच" म्हणून सोडून द्यायची. मग मी वाकडला फ्लॅट घेतला. चौदावा मजला, दोन लिफ्ट. आईवडिलांना तिकडे घेऊन आलो आणि कर्तव्यदक्ष मुलाने जे जे करावं ते सगळं केलं. स्वयंपाकाला बाई लावली, धुण्याभांड्याला दुसरी लावली. भाजी दहा मिनिटांत दारात येऊ लागली. आई काही करायला उठली की माझं ठरलेलं वाक्य तयारच असायचं, "आई, तू बस गं. आयुष्यभर केलंस की."

आई बसली.

अडीच वर्षांत तिचं वजन नऊ किलोने वाढलं. सोफ्यातून उठताना दोन्ही हातांचा आधार लागायला लागला. रात्री गुडघे ठणकायचे म्हणून ती गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. एक्सरे झाला. निदान ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपल्या भाषेत गुडघ्याची झीज. डॉक्टरांनी सहज विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?" आई चेहरा फुलवून म्हणाली, "काही नाही हो! मुलगा काही करूच देत नाही."

तिला त्याचा अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही होता. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही यांना निवृत्त केलंत, ते ठीक आहे. पण यांच्या पायांना कशाला केलंत?"

मला वाटतं, गोंधळ आपल्या शब्दांतच आहे. आपण म्हणतो "गुडघे झिजले", "वंगण संपलं", "गॅप कमी झाली". सगळी भाषा मशीनची. गुडघा म्हणजे टायर, जितका चालवाल तितका घासणार, म्हणून गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवा! आम्हा इंजिनिअर लोकांना तर हे पटकन पटतं. पण टायरला जीव नसतो, गुडघ्याला असतो. हाडांच्या टोकांवर जी कूर्चेची गादी असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही दाब पडला-सुटला, पडला-सुटला तर. स्पंज पिळून सोडल्यावर पाणी ओढून घेतो ना, साधारण तसं. म्हणजे हालचाल बंद केली की गादीचा खुराकच कमी होतो. दुसरं म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्याला सांभाळणारा शॉक ॲब्सॉर्बर तोच. तो न वापरल्याने झपाट्याने रोडावतो. मग प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर. सांधा दुखतो म्हणून माणूस बसतो, बसतो म्हणून स्नायू जातो, स्नायू गेला की आणखी दुखतं. इन्फिनिट लूप!

त्यात वजनाची भर. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या जाड, वयस्कर लोकांवरचा. त्यात दिसलं की वजन एक किलोने उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. मी उलटा हिशोब केला. आईचे नऊ किलो म्हणजे पावलागणिक छत्तीस किलो. पाचवी-सहावीतला एक मुलगा मी तिच्या खांद्यावर बसवला होता, आणि वर म्हणत होतो, "तू दमू नकोस हं!"

गंमत म्हणजे या काळात आमच्या घरात पथ्य अगदी कडक होतं. वांगं बंद, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ बंद, आंबट तर बघायचंही नाही. का, तर वातूळ. दुपारच्या चहाबरोबरची चार बिस्किटं मात्र चालू! माझा आहारावर राग नाही, वजन उतरवायचं तर ताटाकडे बघावंच लागतं. पण आपण एक वांगं सोडून समाधान मानतो आणि सोफा सोडत नाही, हे मला पटत नाही. वांगं सोडणं सोपं असतं, त्यात घरातल्या कोणालाही बदलावं लागत नाही.

बसणं ही एक सवय झाली, पण अशा आणखी काही आहेत. गुडघ्याखालची उशी. तिने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा रात्र रात्र वाकलेला राहिला की हळूहळू पूर्ण सरळ होईनासा होतो. मग मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. आईला ब्लडप्रेशर आहे. अशा गोळ्या रोज घेतल्या तर पोट, किडनी आणि ब्लडप्रेशर या तिघांवर बेततं, हे मला डॉक्टरांनी झापल्यावर कळलं. आणि सगळ्यात मराठी सवय म्हणजे दिवाळीची साफसफाई. वर्षभर काही नाही, आणि एका दिवसात सगळे माळे, सगळे डबे. मग चार दिवस अंथरुणात, आणि निष्कर्ष काय? "बघ, काम केलं की दुखतं." दुखणं कामाचं नसतं, एकदम केल्याचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, सरळ गुडघे बदलून टाका की! २००० आणि २००१ साली तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईत बदलले, तेव्हापासून हे ऑपरेशन घराघरात माहीत झालं. २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादाही आणली. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ऑपरेशन उत्तमच. पण त्यानंतरही व्यायाम चुकत नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून उभं करतात. म्हणजे जे टाळायला नवा गुडघा घ्यायचा, तेच नव्या गुडघ्याबरोबर परत येतं :)

आईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. पंचविशीतली मुलगी, पण आवाज हेडमास्तरांचा. "काकू, खुर्चीतून हात न लावता उठायचं. दहा वेळा." आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात "राहू दे" आलंच होतं, गिळलं. पहिल्या दिवशी तीन वेळा जमलं. पहिले तीन आठवडे दुखणं थोडं वाढलंच, आणि मी रोज फोन करून विचारायचो, "बंद करू का?" ती म्हणायची, "सुरुवातीला दुखणार. सूज आली तर मात्र लगेच सांगा." नंतर वाचलं तर ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सांगा, आणि सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हेही सांगून ठेवा.

एक मात्र नीट लक्षात घ्या. हे सगळं झिजेच्या संधिवाताबद्दल आहे. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो तरुणांनाही होतो, आणि त्याला वेळेवर औषध लागतं. तिथे माझा ब्लॉग वाचत बसू नका, संधिवाततज्ज्ञ गाठा. आणि चहाच्या टपरीवर सिगरेट ओढणाऱ्या मित्रांनो, आमवात होण्याचा धोका सिगरेटने वाढतो, आणि झालेल्यांना ती आणखी छळते.

असो. आज आठ महिने झाले. गुडघे बरे झाले का? नाही. झीज गेलेली नाही, पावसाळी हवेत आई अजून कण्हते. पण वजन चार किलो उतरलंय, हात न लावता ती पंधरा वेळा उठते, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे स्वतः जाते. भाजीचं ॲप मी काढून टाकलं. भाजीवाल्याशी घासाघीस करून आली की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अवघड होतं ते माझ्यासाठी. आई ओट्याशी उभी आणि मी लॅपटॉप घेऊन बसलेला, हे चित्र अजून बोचतं. "तू बस" म्हणण्यात प्रेम होतंच, पण थोडा आळसही होता. तिच्याबरोबर अर्धा तास चालायला जाण्यापेक्षा तिला बसवून ठेवणं मला सोयीचं होतं. बाई लावली, ॲप टाकलं, की मुलगा म्हणून माझं तिकीट क्लोज!

तेव्हा मंडळी, या वीकेंडला आई किंवा बाबा कशासाठी उठले, तर एकदा जीभ चावा. अगदीच राहवलं नाही तर "बस" म्हणू नका. "चल, मी पण येतो" म्हणा.