मलंकरा चर्चमधील समेटाचा प्रश्न

केरळच्या जेकोबाइट सीरियन चर्चचे नवे प्रमुख बसेलिओस जोसेफ यांचा अभिषेक २५ मार्च २०२५ रोजी लेबननमध्ये, बेरूतजवळच्या अच्चाने येथे, अँटिओकचे पॅट्रिआर्क इग्नेशिअस अफ्रेम दुसरे यांच्या हस्ते झाला. त्यांच्या आधीचे कॅथलिकॉस बसेलिओस थॉमस पहिले हे ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तले होते. वयोवृद्ध धर्मगुरू गेला, त्याच्या जागी दुसरा आला, इतकाच या घटनेचा अर्थ असता तर केरळबाहेर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चने या अभिषेकाला हरकत घेतली. मलंकरा चर्चला एकच कॅथलिकॉस असू शकतो, त्याचे पीठ कोट्टयमजवळ देवलोकम येथे आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलेले आहे, अशी त्या चर्चची भूमिका आहे. शंभराहून अधिक वर्षे चाललेला तंटा आणखी एका पिढीकडे वारसाहक्काने जात असल्याची ही खूण होय.

हा तंटा बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो, कारण दोन्ही पक्षांत धर्मतत्त्वांचा भेद जवळजवळ नाही. श्रद्धासूत्र एक, सीरियाक परंपरेतील कुर्बानाची उपासनापद्धती एक, उपवास आणि सणही तेच. १९०२ मध्ये निवर्तलेले परुमलाचे मार ग्रेगोरिओस हे दोघांनाही संत म्हणून वंद्य आहेत. घराघरांतून या पक्षाची लेक त्या पक्षाची सून झालेली आहे. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या मलयाळी कुटुंबांनीही आपापल्या पक्षाची चर्चे येथे उभारली असून, शेजारच्या मराठी माणसाला त्यांतला फरक ओळखता येणार नाही. मग भांडण कशाचे? अँटिओकच्या पॅट्रिआर्कचा, ज्याचे पीठ आज दमास्कसला आहे, मलंकरा चर्चवर अधिकार किती, आणि त्या अनुषंगाने चर्चची इमारत, जमीन व दफनभूमी कोणाच्या ताब्यात राहावी, याचे.

या संबंधाचा आरंभ सतराव्या शतकात आहे. पोर्तुगीजांनी लादलेल्या रोमच्या अंमलाविरुद्ध १६५३ मध्ये मट्टंचेरी येथे सीरियन ख्रिस्ती समाजाने शपथ घेतली आणि पुढे १६६५ मध्ये पश्चिम सीरियन परंपरेचे बिशप मार ग्रेगोरिओस केरळात आले. म्हणजे अँटिओकशी नाते जडले ते परकीय वर्चस्व झुगारताना. हे विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी पक्षाशी झगडताना सनातनी पक्षाने पॅट्रिआर्कला साहाय्यार्थ बोलावले आणि १८७६ च्या मुलंतुरुत्ती धर्मसभेत त्याचा अधिकार अधिक घट्ट करून घेतला. गरजेपोटी दिलेला अधिकार गरज सरल्यावर जाचू लागतो. १९११ मध्ये पॅट्रिआर्क अब्दुल्ला यांनी मलंकरा मेट्रोपोलिटन मार डायोनिशिअस यांना बहिष्कृत केले, तेव्हा दुसऱ्या पक्षाने अब्दुल मसीह या पदच्युत पॅट्रिआर्कला पाचारण करून १९१२ मध्ये भारतात स्वतंत्र कॅथलिकॉसपद स्थापन केले. अब्दुल मसीह यांना पॅट्रिआर्क मानावे की नाही, हा प्रश्न येथे कळीचा ठरला, कारण तुर्की सुलतानाने त्यांचे फर्मान काढून घेतले होते. मुसलमान सुलतानाच्या फर्मानावर केरळातील ख्रिस्ती पीठाची वैधता अवलंबून असावी का, यावर त्रावणकोरच्या न्यायालयांतून वर्षानुवर्षे युक्तिवाद चालले.

पैशाची बाजूही होतीच. १८०८ च्या सुमारास चर्चच्या वतीने ३,००० होन कंपनी सरकारकडे आठ टक्के व्याजाने कायमची ठेव म्हणून ठेवण्यात आले होते. फूट पडल्यावर हे व्याज कोणत्या विश्वस्तांच्या हाती द्यावे हे सरकारला कळेना, म्हणून १९१३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. व्याजाच्या दाव्यातून चर्चच्या मालकीचा दावा आणि त्यातून पुढचे दावे निघाले. वकिलांच्या तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या असे कोणी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या दीर्घ कथेत एक पर्व असे आहे की ज्याकडे आजच्या दोन्ही पक्षांनी पुन्हा पाहावयास हवे. १२ सप्टेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅथलिकॉस पक्षाच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर तीन महिन्यांतच, १६ डिसेंबर रोजी, पॅट्रिआर्क याकूब तिसरे आणि कॅथलिकॉस गीवर्गीस दुसरे यांनी परस्परांना मान्यता दिली. चर्च एक झाले. १९६४ मध्ये याकूब तिसरे स्वतः भारतात आले आणि नवे कॅथलिकॉस औगेन पहिले यांचा अभिषेक त्यांनी केला. जिंकलेल्या पक्षाने विजयोत्सव करण्याऐवजी हरलेल्याचा हात धरला आणि हरलेल्यानेही तो झिडकारला नाही. निकालपत्राने ही गोष्ट घडवून आणली नव्हती. निकालपत्र हे फार तर निमित्त होते.

तथापि ही एकी पंधरा-सोळा वर्षांत का मोडली, याचे उत्तरही १९५८ मध्येच सापडते. कॅथलिकॉसनी पॅट्रिआर्कला मान्यता दिली ती चर्चच्या १९३४ च्या घटनेच्या अधीन राहून. या शब्दांचा एक अर्थ कोट्टयममध्ये होता, दुसरा दमास्कसमध्ये. एकास वाटले, पॅट्रिआर्कचे स्थान आता केवळ सन्मानाचे उरले. दुसऱ्यास वाटले, भरकटलेले लेकरू घरी परतले. कॅथलिकॉस हे संत थोमस यांच्या सिंहासनावर बसतात, या शब्दयोजनेला पॅट्रिआर्कचा आक्षेप होता. १९७० मध्ये त्यांनी पत्र पाठवून, संत थोमस हे मुळात याजकच नव्हते, मग त्यांचे सिंहासन कुठले, असा प्रश्न केला. येशूच्या या शिष्याने मलबारच्या किनाऱ्यावर धर्म आणला, ही श्रद्धा तेथील सीरियन ख्रिस्ती समाजाच्या अस्मितेचा गाभा आहे. त्याच्यावर घाव घातल्यावर समेट टिकणे शक्य नव्हते. १९७५ मध्ये पॅट्रिआर्कनी प्रतिस्पर्धी कॅथलिकॉस नेमला आणि दावे पुन्हा सुरू झाले. घाईने केलेल्या समेटात संदिग्ध शब्द सर्वांना सोयीचे वाटतात. त्यांची किंमत पुढच्या पिढीला चुकवावी लागते.

यानंतरचा इतिहास हा प्रामुख्याने निकालांचा इतिहास आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३४ ची घटना वैध ठरवली आणि पॅट्रिआर्क हे चर्चचे सर्वोच्च आध्यात्मिक प्रमुख असले तरी त्यांचे प्रत्यक्ष अधिकार लोपाच्या सीमेवर आले असल्याचे म्हटले. मार्च २००२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मळिमठ यांच्या देखरेखीखाली परुमला येथे मलंकरा असोसिएशनची बैठक झाली. जेकोबाइट पक्षाने तिच्यात भाग न घेता त्याच वर्षी स्वतःची वेगळी घटना केली. ३ जुलै २०१७ च्या निकालाने उरलीसुरली संदिग्धताही संपवली. १,०६४ चर्चांचा कारभार १९३४ च्या घटनेनुसारच चालेल, समांतर व्यवस्था चालणार नाही, कोणाला चर्च सोडून जावयाचे असेल तर त्याने खुशाल जावे, पण जाताना चर्चची मालमत्ता नेता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

कायद्याच्या दृष्टीने ऑर्थोडॉक्स पक्षाची बाजू भक्कम आहे, यात संशय नाही. निकाल आपल्या विरुद्ध गेला की न्यायालयाला धर्मातले काय कळते असे म्हणावयाचे आणि अनुकूल मनाई हुकूम मिळाला की तो मिरवावयाचा, ही जेकोबाइट पुढाऱ्यांची रीत समर्थनीय नाही. परंतु हुकूमनामा मिळणे वेगळे आणि त्याची बजावणी होणे वेगळे. सप्टेंबर २०१९ मध्ये पिरवोम येथे पोलिसांनी जेकोबाइट बिशपांना आणि भाविकांना बाहेर काढून चर्च ताब्यात घेतले, तेव्हा बाहेर निघालेल्यांनी रस्त्यावर उपासना केली. पुढच्या वर्षी मुलंतुरुत्तीलाही पोलीस शिरले. जेथे १८७६ ची धर्मसभा भरली तेच हे गाव. ज्या गावात बहुतेक कुटुंबे एका पक्षाची आहेत तेथे दुसऱ्या पक्षाला किल्ली मिळाली, तर त्याला इमारत मिळते, मंडळी मिळत नाही. बाहेर गेलेले लोक शेजारी मांडव घालून नवे चर्च उभारतात, आणि एका गावातील फूट कायमची होते.

सर्वांत क्लेशकारक प्रकार दफनभूमीच्या बाबतीत घडला. दुसऱ्या पक्षाच्या पाद्र्याकडून अंत्यविधी करून घेणे कुटुंबाला मान्य नाही, आणि आपल्या पाद्र्याला चर्चच्या आवारात प्रवेश नाही, अशा कोंडीत मृतदेह अडकू लागले. २०१९ च्या अखेरीस तर एका वृद्धेचे दफन महिनाभराहून अधिक काळ होऊ शकले नाही. अखेर केरळ सरकारने जानेवारी २०२० मध्ये अध्यादेश काढला आणि पुढे विधानसभेने कायदा केला. पूर्वजांच्या दफनभूमीत पुरले जाण्याचा कुटुंबाचा हक्क त्याने मान्य केला आणि प्रार्थना आपल्या पसंतीच्या पाद्र्याकडून अन्यत्र करून घेण्याची मुभा दिली. शतकभराच्या या तंट्यात सामान्य माणसाला प्रत्यक्ष दिलासा देणारी जी थोडी पावले पडली, त्यांत हे एक होय. त्याने मालकीचा प्रश्न सोडवला नाही, सोडवण्याचा आवही आणला नाही. मालकीपासून दफनाचा हक्क त्याने तेवढा वेगळा काढला.

ऐक्य म्हणजे एकच घटना, एकच प्रमुख आणि एकच हिशेबवही, अशी ऐक्याची व्याख्या केली की ते फक्त एकाच्या शरणागतीने येऊ शकते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यामागे १९२९ पासूनची, म्हणजे चार दशकांची बोलणी होती, आणि तरीही दक्षिण आशियाई मेथडिस्ट चर्च शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. इतक्या काळजीने झालेल्या विलीनीकरणानंतरही गुजरातेतील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात पोहोचलाच आणि २०१३ मध्ये न्यायालयाने, विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही, असे ठरवले. राजीखुशीने झालेल्या ऐक्याची ही कथा, तर पोलीस बंदोबस्तात होणाऱ्या ऐक्याकडून काय अपेक्षा ठेवावयाची?

सर्वोच्च न्यायालयालाही याची जाणीव झाली असावी. एर्नाकुलम व पालक्काड जिल्ह्यांतील सहा चर्चांचा कारभार ऑर्थोडॉक्स पक्षाकडे सोपवण्यास डिसेंबर २०२४ मध्ये सांगताना, दफनभूमी, शाळा आदी सोयी सर्वांना खुल्या राहाव्यात, असेही न्यायालयाने बजावले होते. आणि ३० जानेवारी २०२५ रोजी चर्चे ताब्यात घेण्याविषयीचे उच्च न्यायालयाचे आदेश रद्द करून अवमानाची प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठवली. बहुसंख्य कोण हे गावागावांत मतदानाने ठरवावे, ही केरळच्या कायदा सुधारणा आयोगाची सूचना मात्र धोक्याची आहे. श्रद्धेची शिरगणती करून जे ठरेल, ते पुढच्या शिरगणतीपर्यंतच टिकेल.

पहिले पाऊल ऑर्थोडॉक्स पक्षाने उचलावयास हवे, कारण निकाल त्याच्या हाती आहे; ज्याच्या हाती काही नाही त्याच्या उदारपणाला अर्थ नसतो. ज्या गावांत दोन्ही पक्षांची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत तेथे ठरावीक मुदतीपर्यंत बजावणीचा आग्रह न धरता, एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या वेळी कुर्बाना होऊ देणे त्याला शक्य आहे. समांतर व्यवस्थेला न्यायालयाने मज्जाव केलेला असल्याने असा करार दोन्ही पक्षांच्या संमतीने न्यायालयापुढेच नोंदवावा लागेल. जेकोबाइट पक्षानेही त्या बदल्यात मालमत्तेवरील नवे दावे थांबवावेत आणि १९३४ च्या घटनेतील कोणती कलमे आपल्याला अमान्य आहेत ते एकदा लेखी सांगावे. संपूर्ण घटनाच नको, या भूमिकेवर बोलणी होत नसतात. पॅट्रिआर्कच्या स्थानाविषयीचे शब्द दमास्कस, देवलोकम आणि जेकोबाइट चर्चचे पुत्तनकुरीश येथील केंद्र या तिन्ही ठिकाणी एकाच अर्थाने वाचले जातील, असे लिहिण्याचे काम सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश करावयाचे आहे. १९५८ मध्ये ते तीन महिन्यांत उरकले गेले होते.