खेळगडी कुठे भेटेल?

चंदगडच्या एस. टी. स्टँडवर अर्धा तास उभे राहिले, की आमच्या तालुक्याचे भवितव्य गाड्यांच्या पाट्यांवर वाचता येते. बेळगाव, कोल्हापूर, पणजी, पुणे, मुंबई. प्रत्येक पाटीखाली आमच्यापैकी कुणीतरी पिशवी घेऊन उभा असतो. आपण कुठे जायचे हे ठरवण्याची रीतही ठरून गेलेली आहे. पगार किती, खोलीचे भाडे किती आणि ओळखीचे कोण आहे, एवढे तीन प्रश्न विचारले की बिछाना बांधायचा. गेल्या दिवाळीत घरात माझ्या पुढच्या वर्षांची बोलणी चालली होती, तेव्हा या तीन प्रश्नांना मी चौथा प्रश्न जोडला. तिथे माझ्याबरोबर खेळायला कोण आहे? सगळे हसले. वडील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "खेळायला गाव सोडत्यात व्हय कुणी?"

मी तेव्हा गप्प बसलो. आज मात्र त्या चौथ्या प्रश्नाची बाजू मांडायचे ठरवले आहे.

खेळ म्हणजे क्रिकेट किंवा कबड्डी असा समज होईल, म्हणून आधी सांगितले पाहिजे. माझा खेळ पटावरच्या लढाईचा आहे. दिवाळीत आपण सगळेच अंगणात किल्ला करतो, त्यावर अळीव पेरतो आणि मातीचे मावळे उभे करतो. बहुतेकांचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो आणि मग पावलांखाली जातो. आठवीत असताना मी आणि माझ्या शेजारच्या मित्राने तो मोडू दिला नाही. चार फुटी प्लायवूडच्या तुकड्यावर आम्ही जांभ्या मातीचा डोंगर उभा केला, शेवाळाचे रान केले आणि बेळगावच्या बाजारातून आणलेले मावळे दोन्ही बाजूंना वाटून घेतले. निम्म्यांना शाईने निळे केले, ते शत्रू. सापशिडीचे फासे घेतले. पायदळ एका डावात चार बोटे चालणार, घोडा आठ बोटे, रानात चाल निम्मी. पावसाळी लढाईत फाशावर सहा पडल्याशिवाय बंदूक उडायची नाही, हा आमचा खास चंदगडी नियम. इथला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला याचे कारण समजावून सांगायला नको.

पुढे मोबाईलवर पाहिले तेव्हा कळले, की आम्ही काही जगावेगळे करत नव्हतो. राइस्वित्झ नावाच्या एका प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन लढाईचा असाच खेळ छापून प्रसिद्ध केला आणि तो सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला गेला. एच. जी. वेल्स हा आपल्याला कालयंत्राच्या गोष्टीमुळे माहीत असलेला लेखक. त्याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम दिले. खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे कळायला ही छोटी लढाई खेळून पाहावी, असे त्याचे मत होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. आणि आपले बुद्धिबळ तरी काय आहे? हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चतुरंग सेनाच ती. तेव्हा हा पोरखेळ आहे असे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. आमच्या आळीतला एक फौजी सुट्टीवर आला होता. त्याने आमची फळी पाहिली आणि हसण्याऐवजी मांडी घालून बसला. "आमच्याकडं वाळूत करून दावत्यात असंच," म्हणाला, आणि माझी तोफ चुकीच्या टेकडीवर आहे हेही त्याने दाखवून दिले.

आता मूळ मुद्दा. माझा खेळगडी बारावीनंतर गोव्याला गेला. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याला काम मिळाले. तो गेला त्या आठवड्यात मी दोन्ही बाजूंनी एकट्यानेच खेळून पाहिले. एक डाव खेळलो, दुसरा अर्ध्यावर टाकला. शेवाळाच्या रानामागे मी वीस मावळे दडवून ठेवले होते. पण पलीकडच्या सैन्याची चाल करतानाही ते वीस मावळे मलाच दिसत होते. गनिमी कावा स्वतःशी करता येत नाही. तेव्हापासून ती फळी माळ्यावर आहे आणि मावळे बिस्किटांच्या डब्यात.

म्हणून मी जेव्हा गाव निवडतो म्हणतो, तेव्हा खरे तर दुसरा माणूस निवडतो. पुस्तके वाचणाऱ्याला कुठेही राहता येते. गाणे ऐकणाऱ्यालाही येते. ज्याचा छंद दोघांशिवाय चालतच नाही, त्याने काय करावे? त्याला पत्ता विचारूनच जावे लागते. यात हसण्यासारखे मला काही दिसत नाही.

आणि ही रीत माझ्या घरात नवी आहे असेही नाही. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. गिरणगावात ते ज्या गाळ्यात राहत, तिथे सगळे आपल्याच भागातले. पाळ्यांप्रमाणे झोपायचे. एक उठून गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. मी एकदा त्यांना विचारले, की एवढ्या मोठ्या मुंबईत नेमकी तीच चाळ का? ते म्हणाले, "आपली माणसं तिथं हुती." भाड्याचा हिशेब त्यांनी सांगितलाच नाही. रविवारी पत्ते, गणपतीत भजन आणि गावाकडून आलेल्या माणसाकडून भाताची खबर. त्यांनीही चौथाच प्रश्न विचारला होता. फक्त तो कुणाला विचित्र वाटला नाही, कारण त्यांची माणसे एका गावची होती. माझी माणसे एका खेळाची आहेत, एवढाच फरक.

तर मग कुठे जावे? मी वहीत पाने केली आहेत. मुंबईचे पान लवकर भरले आणि लवकर खोडले गेले. मुंबईत खेळणारे आहेत, पुण्यात आहेत, बंगळूरला तर त्याहून असतील. शहरांतून पटावरचे खेळ खेळणारे गट जमतात, कुठे कुठे अशा खेळांसाठी चहा-कॉफीची दुकानेही निघाली आहेत. पण या खेळाला जागा लागते. लढाई एका संध्याकाळी संपत नाही. मांडलेली फळी रात्रभर तशीच राहिली पाहिजे आणि कुणाच्या पायाने घोडदळ उधळता कामा नये. पुण्याला आमच्या गावचे विद्यार्थी कॉट बेसिसवर राहतात. म्हणजे भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे. खाटेखाली पत्र्याची पेटी आणि खाटेवर आपण. तिथे पानिपत मांडायचे कुठे? आणि दुकानात बसून खेळायचे तर तासाचे पैसे मोजा. पुण्यात खेळगडी मिळेल, टेबल मिळणार नाही. गोव्यात माझा मित्र आहे, पण त्याची पाळी बारा तासांची असते आणि एका खोलीत ते चौघे राहतात. तो फोनवर सांगतो, की डोळे मिटायच्या आधी झोप लागते. त्याला तिथे जाऊन फासे टाक म्हणणे हा क्रूरपणाच होईल.

साता समुद्रापलीकडे इंग्लंडात नॉटिंगहॅम नावाचे शहर आहे. १९७५ साली लंडनमध्ये तिघा मित्रांनी 'गेम्स वर्कशॉप' नावाची छोटी कंपनी काढली, ती पुढे या शहरात स्थिरावली. पटावरच्या लढाईतले शिपाई बनवण्याचा तिचा मोठा धंदा आहे. तिथे शिकलेल्या कारागिरांनी बाहेर पडून आसपास आपापल्या लहान कंपन्या काढल्या. पूर्वी हे शिपाई शिशाच्या मिश्रधातूत ओतत, म्हणून त्या भागाला गमतीने 'शिशाचा पट्टा' म्हणतात. या खेळाच्या वेडाने लोक तिथे जातात, काम शोधतात आणि राहतात. मी काही नॉटिंगहॅमला जाणार नाही. पासपोर्ट सोडा, माझ्याकडे कोल्हापूरच्या पुढचा प्रवासही फारसा नाही. पण कुठल्याशा गावात खेळ हेच राहायला येण्याचे कारण असू शकते, हे मला वडिलांना दाखवता आले तर हवे आहे.

त्यांना नॉटिंगहॅम दूरचे वाटेल, सांगली वाटणार नाही. बुद्धिबळात सांगलीचे नाव आहे ते तिथल्या पाण्यामुळे नव्हे. नूतन बुद्धिबळ मंडळाचे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तिथे वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, मुले जमवली, पट मांडले. त्या सांगलीतून भाग्यश्री साठे पुढे आल्या. १९८७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ साली त्या आशियाई विजेत्या झाल्या. स्वाती घाटे त्याच सांगलीच्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनींची गोष्ट मला आणखी बोलकी वाटते. वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती जिंकल्या आणि पुढेही ते अजिंक्यपद त्याच घरात फिरत राहिले. लोक याला उपजत बुद्धी म्हणतात, ती असेलही. पण एका घरात तीन तोडीचे खेळाडू म्हणजे सकाळ-संध्याकाळ समोर बसायला माणूस हजर! त्यांना खेळगडी शोधत गाव पालटावे लागले नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माझे आजचे वय. बातमी वाचून मला आनंद झाला आणि थोडी चिडही आली. चंदगड तालुक्यात बुद्धिबळाचा पट घराघरात सापडेल, पण समोर बसणारा गोव्याच्या गाडीत बसलेला असतो.

कुणी म्हणेल, मोबाईल आहे की. घरबसल्या रशियातल्या माणसाशी खेळा. बुद्धिबळापुरते ते खरे आहे आणि मीही खेळतो, रेंज असेल तेव्हा. पण माझे मावळे मोबाईलमधून जात नाहीत. आणि गेले तरी, चाल चुकल्यावर समोरचा गालातल्या गालात हसतो, नियमावरून भांडतो, मग आतून चहा येतो आणि भांडण तिथेच राहते, हे कुठल्या पडद्यावर मिळणार? नियमात खोट काढणारा समोर बसलेला असल्याशिवाय माणूस सरळ खेळत नाही. निदान मी तरी खेळत नाही, हे कबूल करतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आमच्या एका प्राध्यापकांनी घेतला. ते म्हणाले, "भाऊसाहेबांनी सांगली सोडली असती तर? तू खेळगडी शोधत जाण्यापेक्षा इथेच चार जण का तयार करत नाहीस?" या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो. पारगड आमच्याच तालुक्यात आहे. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडले. त्यांचे पुत्र रायबा पुढे पारगडाचे किल्लेदार झाले, असे परंपरा सांगते. मालुसऱ्यांचे गाव पोलादपुराकडचे उमरठ, तिथून ते गोव्याच्या वेशीवरच्या या गडावर आले. त्यांचे वंशज आजही गडावर राहतात. राज्य गेले, संस्थाने गेली, तरी ही घरे उतरली नाहीत. म्हणजे आमच्या तालुक्यात गाव सोडून आलेल्यांचाही दाखला आहे आणि आल्यावर न हललेल्यांचाही. दोन्ही एकाच घराण्याचे! त्यामुळे मला उत्तर सोपे झाले नाही. सर, तुमचे म्हणणे मला पटते. पण चार जण तयार करायला ते चार जण बारावीनंतर गावात उरले पाहिजेत. माझ्या बारावीच्या वर्गातले अकरा मुलगे आज तालुक्याबाहेर आहेत. मी यादी केली आहे.

या सगळ्यात मला बेळगावचे पान सर्वांत जास्त भरलेले दिसते. तिथे पगार पुण्याएवढा नाही हे मला ठाऊक आहे. कोल्हापूरला विद्यापीठ आहे, कुंभार गल्लीत शिपाई घडवणारे हात आहेत आणि एम. ए. करायचे तर तेच सरळ पडते, हेही ठाऊक आहे. पण बेळगाव आम्हाला जवळचे. दिवाळीत तिथल्या गल्ल्यागल्ल्यांतून पोरे अजून किल्ले करतात, म्हणजे मावळ्यांत हात मळलेली माझ्या वयाची माणसे तिथे असणारच. जुन्या घराची एखादी पडवी पुण्याच्या खाटेच्या भाड्यात मिळू शकेल. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी येता येईल, सुगीला वडिलांच्या हाताशी राहता येईल. आणि ज्याच्यासाठी हे सगळे लिहितो आहे तो मुद्दा म्हणजे, गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला गाडी येते. माझ्या मित्राला महिन्यातून दोन रविवार सुट्टी असते. चंदगडला येऊन परत जाण्यात त्याचा एक दिवस मोडतो. बेळगावात तो दुपारपर्यंत पोहोचेल आणि रात्रीच्या गाडीने कामावर जाईल.

वडिलांना मी हे सगळे सांगितले. ते बराच वेळ काजूच्या बिया निवडत बसले. मग म्हणाले, "पडवीचं भाडं इचारून ये आधी." याला होकार म्हणायचे की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

मित्राला मी फोनवर कळवले आहे. मोडलेल्या डावाची स्थिती माझ्या वहीत लिहून ठेवलेली आहे. त्याचे घोडदळ ओढ्यापलीकडे आहे, माझी तोफ आता योग्य टेकडीवर आहे, आणि पाळी त्याची आहे.