हेरगिरी आणि हलगर्जी

ब्रह्मोस क्षेपणास्त्र तयार करणाऱ्या भारत-रशिया संयुक्त कंपनीच्या नागपूर केंद्रातील अभियंता निशांत अग्रवाल यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 डिसेंबर 2025 रोजी हेरगिरी आणि सायबर दहशतवादाच्या आरोपांतून मुक्त केले. ऑक्टोबर 2018 मधील अटकेनंतर त्यांना 'पाकिस्तानचा हेर' ठरवून मोकळ्या झालेल्या जनमताला, अमरावती-अकोल्याच्या चावड्यांसकट, हा निकाल धक्कादायक वाटला. त्यात नवल नाही, कारण नागपूरच्याच सत्र न्यायालयाने 3 जून 2024 रोजी त्यांना जन्मठेप सुनावली होती.

फेसबुकवरील स्त्रियांच्या नावांच्या बनावट खात्यांशी झालेला संपर्क आणि खाजगी लॅपटॉपवर सापडलेली गोपनीय कागदपत्रे यांभोवती हा खटला उभा होता. मात्र कागद सापडणे आणि तो शत्रूला हेतुपुरस्सर देणे या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. ब्रिटिशांनी 1923 मध्ये केलेल्या शासकीय गोपनीयता कायद्याचे कलम 3 हेरगिरीचे, म्हणजे देशाच्या सुरक्षिततेस बाधक अशा हेतूने केलेल्या कृत्याचे आहे, आणि संरक्षणविषयक बाबतीत त्याची शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. कलम 5 मध्ये मात्र गुपित सांभाळण्यात केलेली हयगयही येते आणि तिची मर्यादा तीन वर्षांची आहे. आश्चर्याची खरी जागा येथेच आहे. विशिष्ट कृत्य दाखवता आले नाही तरी परिस्थिती, वर्तन आणि सिद्ध झालेला स्वभाव यांवरून बाधक हेतू मानण्याची मुभा कलम 3 सरकार पक्षाला देते. इतकी सैल तरतूद हाताशी असूनही हेरगिरीचा आरोप अपिलात टिकला नाही आणि उरली ती केवळ हयगय.

दौलतराव शिंदे यांनी 30 डिसेंबर 1803 रोजी अमरावती जिल्ह्यातील ज्या अंजनगाव सुर्जीत इंग्रजांशी तह केला, त्या गावाला शत्रूच्या बातमीचे मोल सांगावे लागत नाही. त्या तहाआधीच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीही हरकाऱ्यांवर, म्हणजे बातमी आणणाऱ्या जासुदांवर, विसंबून होता. फितुरीचा संताप म्हणूनच समजण्याजोगा आहे, पण संताप हा पुरावा नव्हे, आणि निष्काळजी अभियंत्याला फितूर म्हटल्याने खऱ्या फितुराचा माग लागत नाही. खंडपीठाने हयगयीबद्दल तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. अग्रवाल यांनी तुरुंगात काढलेला काळ त्याहून अधिक होता.