डबे दोन आठवडे, दुखणे दोन वर्षे

मेंदूला मार बसलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी आला की आपण सारे सुटकेचा निःश्वास टाकतो. मंडळातले लोक डबे आणतात, चौकशी करतात, 'दिसायला तर अगदी पूर्वीसारखे दिसताहेत' म्हणतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, खरे उपचार त्या दिवसापासून सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच आपली मदत आटते.

माझे यजमान ५८ व्या वर्षी छपराच्या पन्हळीतली पाने काढताना शिडीवरून पडले. शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे रिहॅबमध्ये काढले आणि मग घरी आले. रिहॅबमध्ये दिवसाला तीन तास थेरपी होती. घरी थेरपिस्टबाई आठवड्यातून तीनदा, पाऊण तास येत. उरलेला सगळा वेळ घरच्यांचा. म्हणून थेरपी म्हणजे काय, हे घरच्यांनी समजून घेतलेच पाहिजे.

थेरपी म्हणजे रोजचीच कामे, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. बाईंनी ह्यांना चहा करायला लावला. पाणी, साखर, चहापूड, दूध आणि शेवटी शेगडी बंद करणे. एवढा क्रम सांभाळणे हा मेंदूचा मोठा व्यायाम आहे. सूचना एका वेळी एकच द्यावी. भिंतीवर पाटी लावून त्यावर तारीख, वार आणि आज कोण येणार ते लिहावे. संध्याकाळी पाच-तीन-दोन खेळावे. हुकूम कोणता आणि कोणाचे किती हात झाले, हे लक्षात ठेवावे लागते.

अशा माणसाला लहानपणचे पाढे येतात, पण सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. ते ढोंग नव्हे. कपाळामागच्या भागाला इजा झाली की राग आवरत नाही, स्वतःहून काही सुरू करणे सुचत नाही. त्याला आळशी म्हणू नये. थकवाही फार लवकर येतो, तेव्हा दहा-पंधरा जणांनी एकदम भेटायला जाऊ नये. पार्टीत आग्रहाने ग्लास तर मुळीच हातात देऊ नये. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण पुढे काही वर्षेही ती होत राहू शकते. म्हणून 'आता व्हायचे ते झाले' असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

आता पैशाची बाजू. पुष्कळशा विमा योजनांत वर्षाला थेरपीच्या किती भेटी मिळतील, याला मर्यादा असते. तो आकडा पहिल्याच आठवड्यात लेखी मागून घ्या. नकार आला तर गप्प बसू नका. अपील करता येते आणि २०१० च्या कायद्यानुसार अनेक प्रकरणांत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणीही मागता येते. केवळ सोबतीला बसणे किंवा घरकाम यासाठी मेडिकेअरसुद्धा पैसे देत नाही.

नोकरीतून रजा हवी असेल तर १९९३ चा कौटुंबिक रजेचा कायदा पाहा. अटींत बसणाऱ्यांना वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि वैद्यकीय गरज असेल तर ती तुकड्या-तुकड्यांनीही घेता येते. मी आठवड्यातून एक दिवस घेतला, त्यामुळे ती वर्षभर पुरली. पती, पत्नी, मुले, आईवडील यांच्यासाठी ही रजा आहे. सासू-सासरे त्यात येत नाहीत.

निदान वर्षभर काम होणार नाही असे दिसत असेल, तर सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभासाठी लगेच अर्ज करावा. पाच पूर्ण महिने लाभ मिळत नाही आणि त्यानंतर २४ महिन्यांनी मेडिकेअर लागू होते. एकूण २९ महिने झाले! तोवर नोकरीतला जुना विमा 'कोब्रा'खाली स्वखर्चाने साधारण १८ महिने चालवता येतो. अपंगत्व मान्य झाल्याचे वेळेत कळवले तर काही अटींवर तो २९ महिन्यांपर्यंत वाढतो. मुदत चुकली की ही सोय गेली. आणि आज धडधाकट असलेल्या प्रत्येक जोडप्याने कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे. समज हरपल्यावर सही चालत नाही, मग कोर्टाची पायरी चढावी लागते.

एवढे सगळे बहुधा एकटी बायको किंवा एकटा नवरा करतो. भारतात आत्या, काकू, शेजारी आळीपाळीने बसले असते. इथे ती जागा मंडळानेच घ्यावी, असे मला वाटते. पहिल्या पंधरवड्यात वीस डबे नकोत. त्याऐवजी वर्षभराचे वेळापत्रक करा. आठ कुटुंबांनी आठवड्यातली एक संध्याकाळ आळीपाळीने वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन महिन्यांत साधारण एकच वेळ येते. त्या दोन तासांत पत्ते खेळा, फिरायला न्या आणि घरच्या माणसाला बाहेर जाऊ द्या. 'सगळे नोकरी करतात, वेळ कुठे आहे?' असे कोणी म्हणेल. गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमींना आपण तीन-तीन महिने वेळ काढतोच की!

'घरचे दुखणे चारचौघांत कशाला?' असे वाटणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. गरज असेल तर मोकळेपणाने मागा. येत्या सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीने हा विषय घ्यावा, ही विनंती. पहिल्या यादीत माझे नाव लिहावे; मंगळवारची संध्याकाळ माझी.