चार भोकं आणि एक इंच

'सस्पेन्शन' म्हटलं की हॉस्टेलवर आधी रेक्टरच आठवतात! पेपरातसुद्धा सस्पेन्शनला 'निलंबन' म्हणतात. मी पडले कॉन्व्हेंटवाली. गाडीच्या सस्पेन्शनला शुद्ध मराठीत काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नाही. वर्कशॉपमधल्या मामांना विचारून पाहिलं, तर तेही 'सस्पेन्शन'च म्हणतात. तेव्हा वाचकहो, या लेखात इंग्रजी शब्द भरपूर येतील, ते गोड मानून घ्या.

मुद्दा असा, की जुनी गाडी सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं? जुनं कापून नवं बसवायचं, की जुन्यात चुकतंय कुठे ते शोधून तेवढंच नीट करायचं? माझं मत दुसऱ्या बाजूने आहे आणि माझा साक्षीदार आहे १९६५ ची फोर्ड मस्टँग.

ही गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त पोस्टरवर किंवा गेममध्ये पाहिलेली असते. पंडित मंडळी तिला 'पोनी कार' म्हणतात, पण व्ही-८ इंजिनवाली मस्टँग मसल कारच्या पंगतीत सर्रास बसते. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. एवढ्या कमी किमतीत ती बसली, कारण फोर्डने तिच्यासाठी सगळं नव्याने बनवलंच नाही. १९६० साली आलेल्या फाल्कन नावाच्या साध्या घरगुती गाडीचे बरेचसे भाग तिच्यात वापरले. धंद्याच्या दृष्टीने निर्णय अचूक ठरला. मार्च १९६६ पर्यंत दहा लाख मस्टँग तयार झाल्या होत्या!

पण पुढचं सस्पेन्शनही फाल्कनच्याच घराण्यातलं होतं. वर एक कंट्रोल आर्म, खाली एक कंट्रोल आर्म आणि दोघांच्या टोकांना जोडलेलं चाक. कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसलेली आणि तिचं वरचं टोक बॉडीच्या एका उंच पत्र्याच्या खांबात, म्हणजे शॉक टॉवरमध्ये. साध्या सहा सिलिंडरच्या गाडीला हे ठीक होतं. त्यावर व्ही-८ ठेवून वळणावर जोरात घातली, की गडबड.

गडबड काय ते नॉन-मेकॅनिकल दोस्तांसाठी सांगते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, त्या बाजूचं चाक बॉडीच्या मानाने वर सरकतं. अशा वेळी चाकाचा माथा थोडा आत ओढला गेला पाहिजे, म्हणजे बॉडी झुकली तरी टायर रस्त्यावर सपाट राहतो. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. मस्टँगमध्ये वरच्या आर्मचा आतला सांधा इतका उंच होता, की आर्म चाकाकडे खाली उतरत जायचा. असा उतरता आर्म वर उचलला, की त्याचं टोक सुरुवातीला बाहेर जातं. म्हणजे चाकाचा माथा आत यायच्या ऐवजी बाहेर! मग टायर एका कडेवर चालतो. फेंगड्या चालीने चपलेची एकच कड झिजते ना, अगदी तसं. पकड जाते आणि गाडी स्टिअरिंग फिरवूनही सरळच जाऊ पाहते.

आता पाहा, यावर फोर्डच्याच एका सस्पेन्शन इंजिनीयरने काय केलं. त्याचं नाव क्लाउस आर्निंग. त्याने भूमितीचा हिशोब मांडला आणि सांगितलं, वरच्या आर्मचा आतला सांधा एक इंच खाली घ्या. बस्स! आर्म तोच, स्प्रिंग तीच, बॉल जॉइंट तोच. प्रत्येक बाजूला दोन अशी चार नवी भोकं शॉक टॉवरला पाडायची आणि बोल्ट त्यांत घालायचे. चाकाचा माथा आत यायला लागतो. शिवाय रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो बिंदू, वर जातो, त्यामुळे त्याच स्प्रिंगवर गाडी कमी झुकते. स्प्रिंग वरच्या आर्मवरच असल्यामुळे नाक थोडं खाली बसतं, ते वेगळंच.

१९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये कॅरोल शेल्बीच्या मंडळींनी हीच युक्ती वापरली, म्हणून आज तिला 'शेल्बी ड्रॉप' म्हणतात. (आर्निंगचं नाव मागे पडलं. इंजिनीयरचं नशीब, दुसरं काय!) ही गाडी ट्रॅकवर घासून घेणारा माणूस होता केन माइल्स. २०१९ च्या 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' सिनेमात क्रिस्तियन बेलने रंगवलेला तोच. त्या भोकांच्या जोडीला एक इंच जाडीचा अँटी-रोल बार, कोनी शॉक अॅब्सॉर्बर आणि दोन्ही टॉवरना बांधून ठेवणारे बार आले. अमेरिकेतल्या एससीसीए रेसिंगच्या बी-प्रॉडक्शन गटात १९६५, ६६ आणि ६७ अशी तिन्ही वर्षं जीटी ३५० चॅम्पियन ठरली.

आता आजकालचं. अशा जुन्या गाड्यांच्या मालकांत दोन टोकाचे गट दिसतात. पहिला गट सोवळ्यातला: कारखान्यातून आली तशीच पाहिजे, एक भोकसुद्धा पाडायचं नाही. दुसरा गट कापाकापीचा: शॉक टॉवर मुळापासून कापायचे आणि खाली 'मस्टँग टू' पद्धतीचा तयार क्रॉसमेंबर वेल्ड करायचा. मस्टँग टू म्हणजे १९७४ ची छोटी मस्टँग. तिच्यात रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग होतं आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर होती. या धर्तीची तयार किट्स मिळतात, टॉवर गेल्यामुळे इंजिनला ऐसपैस जागा होते आणि बॉनेट उघडलं की फोटो झकास येतो!

पहिल्या गटाला माझं एवढंच सांगणं, की ज्या रेसिंग मस्टँगचं कौतुक तुम्ही करता, तिला भोकं पाडलेलीच होती.

दुसऱ्या गटाशी भांडण जरा मोठं आहे. मूळ गाडीत पुढच्या स्प्रिंगचं ओझं टॉवरमधून बॉडीत वर पसरतं. ही गाडी स्वतंत्र चॅसीची नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं. टॉवर कापले की तेच ओझं खालच्या पातळ रेल्सवर येतं, ज्या या कामासाठी बनवल्याच नव्हत्या. मग त्यांना मजबुती द्या, वेल्डिंग करा, पुन्हा मोजमाप करा... आणि एवढं करून भूमिती सुधारली का? ते त्या किटच्या आर्मच्या लांबीवर आणि कोनांवर अवलंबून. 'नवं' म्हणजे आपोआप 'चांगलं' असं भूमिती मानत नाही.

एक मान्य करते. इंजिनच इतकं रुंद असेल की टॉवरमध्ये मावत नाही, तर दुसरा इलाज नसतो. खुद्द फोर्डला १९६९ च्या बॉस ४२९ साठी टॉवर बदलावे लागले होते. पण गरज म्हणून कापणं वेगळं आणि फॅशन म्हणून कापणं वेगळं.

मला विचाराल तर क्रम असा हवा. आधी झिजलेले रबर बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं बदला. साठ वर्षांपूर्वीच्या रबरावर कुठलीच भूमिती टिकत नाही. मग अलाइनमेंट. फोर्डने दिलेले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरला थोडा निगेटिव्ह कॅम्बर आणि जास्त कॅस्टर मानवतो (कॅस्टर म्हणजे सायकलच्या फोर्कला असतो तसा तिरकेपणा, त्याने गाडी सरळ धावते). मग ती चार भोकं. मग जाड अँटी-रोल बार, चांगले शॉक. इतकं करून गाडी चालवा आणि तरीही काही कमी वाटलं तरच किटची किंमत विचारा. आणि एक इंच बरा तर दोन इंच आणखी बरे, असंही नाही! जास्त खाली घेतलं की चाक लोंबकळताना वरचा बॉल जॉइंट अडकायला लागतो. 'अति तेथे माती' हे सस्पेन्शनलाही लागू आहे.

या चार भोकांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जुनी भोकं तशीच राहतात. पटलं नाही तर बोल्ट काढा, मूळ जागी लावा. कापलेला टॉवर असा परत येत नाही. जो बदल मागे घेता येतो, तो माणूस न घाबरता करून बघतो, आणि करून बघूनच शिकतो.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचं तुला काय पडलंय? पडलंय, कारण हाच आजार आपल्या वर्कशॉपमध्ये आहे. बाहा एसएई इंडियाची स्पर्धा २००७ पासून भरते आणि दरवर्षी नव्या टीमच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, "शॉक कुठला घ्यायचा?" वरच्या आर्मचा सांधा कुठे ठेवायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोही ट्यूब वेल्ड झाल्यावर. मग स्पॉन्सरच्या मागे धावायचं, महागडा शॉक आणायचा आणि चुकीच्या कोनात बसवायचा. डिझाइनचे जज मात्र पहिलाच प्रश्न विचारतात, "हा पॉइंट इथेच का?" आणि आपण एकमेकांची तोंडं बघतो!

थिअरी ऑफ मशिन्समध्ये फोर-बार लिंकेज आपण सगळ्यांनीच काढलंय. समोरून पाहिलं तर दोन आर्म, मधलं चाक आणि बॉडी मिळून तेच फोर-बार होतं. मार्कांसाठी घोकलेली ती आकृती म्हणजे आर्निंगचं हत्यार. ड्रॉइंग शीट, पेन्सिल आणि एक रविवार, इतकाच खर्च. आपल्यासारख्या मेसचं बिल उशिरा भरणाऱ्यांना तर हेच अपग्रेड परवडणारं आहे.

म्हणून या वर्षीच्या टीमला माझी विनंती, की खरेदीची यादी करण्याआधी आकृती काढा. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी रात्री मेसमध्ये वाद घालायला जरूर यावं. चहा माझ्याकडून, पेन्सिल तुमची!

– टी. ई. (मेकॅनिकल)